स्प्रिंग कापणे म्हणजे ट्यूनिंग नव्हे

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. टॅक्सीची मुदत वीस वर्षांची, म्हणून तिचा हिशेब तिथेच मिटला. वर्तमानपत्रांनी त्या वेळी पुष्कळ हळहळ व्यक्त केली, जुने फोटो छापले, गाडीच्या डौलाचे गुणगान केले. आम्हांला मात्र फिकीर वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. नागपाडा, मदनपुरा, भायखळा, परळ या भागांतल्या उस्तादांच्या हातातले एक हुनर त्या गाडीबरोबर निराधार झाले. पुढच्या स्प्रिंगा, मागचे पाटे आणि चार शॉकअप यांचा मेळ कानाने, हाताने आणि नजरेने बसवण्याचे ते हुनर. त्याच्या जागी आज जे "ट्यूनिंग" या नावाने विकले जात आहे त्याविषयी दोन शब्द स्पष्ट लिहावेत असे आम्हांला वाटते.

कुणी म्हणेल, हे कापडवाले. यांनी ताका मोजावा, मोटारीत यांना काय कळते? प्रश्न वाजवी आहे. पण आमचा माल पाठीवर जात नाही, चाकांवर जातो. हिंदमाता, लालबाग, गिरगाव, भुलेश्वर या पट्ट्यात तीस वर्षे माल पोचवणाऱ्याला गाडीच्या मागच्या पाट्यांशी संबंध ठेवावाच लागतो. शिवाय गॅरेजवाला आणि व्यापारी हे एकाच वस्तीतले, बहुधा एकाच इमारतीतले. त्याचा धंदा बुडाला तर आमचे गिऱ्हाईक बुडते, आणि त्याने काम वाईट केले तर आमचा ड्रायव्हर रुग्णालयात जातो.

पहिली गोष्ट अगदी मुळाची. स्प्रिंग आणि शॉकअप ही दोन वेगळी कामे करतात, आणि निम्मे नुकसान या दोहोंची गल्लत केल्याने होते. गाडीचे वजन स्प्रिंग उचलते. शॉकअप वजन उचलत नाही. दबलेली स्प्रिंग उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. हे डुलणे थांबवणे एवढेच शॉकअपचे काम. आत तेल असते, दट्ट्याला बारीक भोके आणि झडपा असतात, तेल त्यांतून जबरीने जाते आणि उसळण्याची ताकद उष्णतेत जिरते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. गरम लागत नसेल तर तो बसला आहे. म्हणून गाडी मागून खाली बसली अशी तक्रार आली की शॉकअप बदलून देणारा मिस्त्री एकतर अडाणी आहे किंवा लबाड आहे. साध्या शॉकअपने गाडी वर येत नाही. आणि स्पीडब्रेकरनंतर गाडी तीन-चार वेळा डुलते अशी तक्रार आली की जाडी स्प्रिंग घालणारा मिस्त्री रोग एक आणि दवा दुसरी देतो.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथे आम्ही आमच्या व्यापारी बांधवांनाच दोष देतो. ५८ इंच पन्ह्याचे, चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाचे साधे शर्टिंग शंभर मीटर घेतले तर साडेसतरा किलोच्या वर भरते. असे वीस रोल म्हणजे साडेतीनशे किलो, म्हणजे चांगली धट्टीकट्टी पाच माणसे. ती पाच माणसे गाडीच्या मध्यभागी नव्हे, मागच्या ॲक्सलच्या डोक्यावर बसतात. सूटिंग किंवा पडद्याचे कापड असेल तर हिशेब याहून वाईट. तरी आपले लोक व्हॅन भरताना दार लागते की नाही एवढेच पाहतात. दार लागले, म्हणजे माल मावला. माल मावला, म्हणजे गाडीने तो ओढायलाच हवा!

मग पाटे बसतात. गॅरेजवाला म्हणतो, शेठ, एक पाटा वाढवू. पाटा वाढतो, गाडी वर येते, शेठ खूश. भरल्या गाडीला तो पाटा खरोखर आधार देतो, हे आम्ही नाकारत नाही. पण संध्याकाळी माल उतरवून रिकामी व्हॅन परत निघते तेव्हा काय होते? मागची बाजू आता दगडासारखी झाली. पावसाचे दिवस, परळच्या वळणावर ओला रस्ता, त्यावर एखादे उखडलेले पेव्हर ब्लॉक. मागचे चाक रस्त्याला धरून राहण्याऐवजी त्यावरून उडते. मारुतीची ओम्नी काय किंवा जुनी पद्मिनी काय, दोन्हींचे मागचे चाक चालते. उडालेल्या चाकावर ड्रायव्हरने ॲक्सिलेटर दाबला की गाडी शेपूट फेकते. आमच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याची व्हॅन अशीच, पूर्ण रिकामी असताना, दुभाजकावर चढली. ड्रायव्हर नवशिका म्हणून त्याला नोकरीवरून काढले. पाट्यांकडे कुणी पाहिले नाही.

यामागचा कायदा सरकारचा नाही, निसर्गाचा आहे. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलते आणि आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर जाते. ज्या ॲक्सलच्या स्प्रिंगा जास्त कडक, त्या ॲक्सलवर ही उलाढाल जास्त, आणि त्या बाजूचे टायर आधी रस्ता सोडतात. पुढची बाजू कडक केली तर स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ जाऊ पाहते. मागची कडक केली तर मागचा भाग पुढे यायला बघतो. पहिल्या प्रकारात सामान्य ड्रायव्हर घाबरून पाय उचलतो आणि बहुधा वाचतो. दुसऱ्या प्रकारात तो पाय उचलतो आणि गाडी आणखी फिरते. कंपन्या साध्या गाड्या पहिल्या प्रकाराकडे थोड्या झुकत्या ठेवतात ते उगीच नाही. एक जादा पाटा टाकणारा मिस्त्री हा सगळा हिशेब एका दुपारी उलटा करून टाकतो.

पद्मिनीची गोष्ट पुन्हा काढतो, कारण ही गाडी आपल्या मिस्त्रींची शाळा होती. १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून ती निघू लागली, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली, १९७४ मध्ये पद्मिनी. पुढे दोन आर्मांच्या मध्ये गुंडाळीची स्प्रिंग, मागे अखंड ॲक्सल आणि त्याखाली पाटे. रचना सोपी, पण चुका माफ न करणारी. कॅरियरवर लग्नाचे बिस्तरे आणि ट्रंका, आत पाच प्रवासी, आणि पुढे सीएनजी आल्यावर डिकीत पन्नास-साठ किलोच्या घरातली लोखंडी टाकी. टाकी गाडीत कायमची; म्हणजे एक माणूस रात्रंदिवस डिकीत बसलेला. त्या वेळी चांगल्या उस्तादांनी काय केले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ते आधी पाटे सोडवत, गंज घासून काढत, पाट्यांमध्ये ग्रीस भरत, मग ठरवत की पाटा बदलायचा, वाढवायचा की नुसता ठोकून कमान परत आणायची.

ग्रीसचा मुद्दा नव्या पोरांना क्षुल्लक वाटतो. पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा तेही थोडे शॉकअपचे काम करतात. गंज चढला की ते एकमेकांना चिकटतात. बारीक खड्ड्यावर पाटा हलतच नाही, सगळा धक्का चासीला आणि प्रवाशाच्या कमरेला. फार ग्रीस भरले तर घर्षण जाते आणि शॉकअपवर बोजा येतो. आम्हा कापडवाल्यांना हे लगेच समजते. मागावर ताणा फार सैल ठेवला तर कापड झोळ खाते, फार ओढला तर धागा तुटतो, आणि बरोबर ताण कोणता हे धाग्याच्या नंबरावर ठरते, विणकराच्या मर्जीवर नाही.

आता त्या "ट्यूनिंग"कडे येऊ. लालबाग, दादरच्या तरुणांना गाडी खाली हवी असते. खाली बसलेली गाडी वळणावर कमी कलते, दिसायलाही रुबाबदार, हे खरे. शर्यतीच्या गाड्या तशाच असतात, हेही खरे. पण शर्यतीच्या गाडीसाठी त्या उंचीची स्प्रिंग वेगळी बनवतात आणि तिच्या जोडीचा शॉकअप वेगळा. आपल्याकडे काय करतात? गॅस कटरने स्प्रिंगचे एक-दोन वेढे उडवतात. पंधरा मिनिटांचे काम, पैसे रोख, पावती नाही.

हे किती वाईट आहे ते हिशेबाने सांगतो, कारण आपल्या लोकांना हिशेब पटतो. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या चालत्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक कापला तर पाच उरले. स्प्रिंग वीस टक्के कडक झाली. दोन कापले तर पन्नास टक्के. तारेच्या जाडीचा परिणाम तर याहून अफाट. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे दहा मिलिमीटरच्या जागी अकरा मिलिमीटरची तार घातली, वेढे आणि घेर तेच ठेवले, तरी स्प्रिंग शेहेचाळीस टक्क्यांनी कडक होते. "थोडीशी जाडी घातली, शेठ" असे म्हणणाऱ्या दुकानदाराला या थोड्याशाचा अर्थ ठाऊक नसतो.

आणि शॉकअप जुनाच राहतो. कडक स्प्रिंग जास्त जोराने उसळते. स्प्रिंग चव्वेचाळीस टक्के कडक केली तर तिला पूर्वीसारखे काबूत ठेवायला शॉकअपही सुमारे वीस टक्के घट्ट हवा. तो नसेल तर गाडी कडकही लागते आणि डुलतेही. गिऱ्हाईक म्हणते, खाली केल्यापासून गाडी उड्या मारते. मिस्त्री म्हणतो, स्पोर्ट्स गाडी अशीच असते, साहेब. यात कापलेल्या टोकाचा धोका वेगळाच. कंपनीच्या स्प्रिंगचे टोक आपल्या खाचेत बसेल असे बनवलेले असते. कापलेले टोक नुसते टेकते. जॅक लावून चाक लटकले, किंवा गाडी खड्ड्यावरून उडाली, की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. कटरची ज्वाला तीन हजार अंशांच्या घरातली. जिथे लागली तिथल्या पोलादाचे पाणी उतरले. अशी स्प्रिंग कधी मोडेल हे सांगणारा उस्ताद अजून जन्माला यायचा आहे. गाडी खाली आली की चाकांचा कोनही बदलतो, आणि अलाइनमेंट न करता सोडलेल्या गाडीचे टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. दोन हजार वाचवले आणि टायरांचा जोड घालवला.

एवढ्यावरच भागत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाच्या मूळ मांडणीपासून नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच गोष्ट ठणकावून सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले: परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारामागे मालकाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेल्या भागाच्या जागी कंपनीच्या मापाचा भाग घालण्याला कुणाची हरकत नाही. पण न कळवलेल्या फेरफारावर बोट ठेवून विमा कंपनी दावा अडवू शकते, आणि तेव्हा गिऱ्हाईक मिस्त्रीच्या दारात येते. पावती नसेल तर मिस्त्रीपाशीही स्वतःच्या बचावाला काही नसते.

हा विषय आजच का काढला, असेही कुणी विचारील. जुन्या मुंबईत गाडी पळवायला जागाच नव्हती. गिरगावच्या जगन्नाथ शंकरशेट मार्गावर मेट्रो ३ च्या कामाने कित्येक वर्षे रस्ता उखडलेला, ती मेट्रो पूर्ण सुरू झाली ऑक्टोबर २०२५ मध्ये. आंबेडकर मार्गावर गर्दी. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूल पाडण्यासाठी बंद झाला तेव्हा त्याची वाहतूकही दादरच्या टिळक पुलावर आणि करी रोडच्या पुलावर आली. अशा रस्त्यांवर वाईट स्प्रिंगचे पाप झाकून राहते. ताशी वीसच्या वेगात सगळ्याच गाड्या गुणी असतात! पण मार्च २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सागरी किनारा मार्ग खुला झाला. गिरगाव चौपाटीपाशी बोगद्यात शिरायचे आणि दोन किलोमीटरवर प्रियदर्शिनी पार्कशी बाहेर पडायचे. सरळ रस्त्यावर ऐंशीची मर्यादा, बोगद्यात साठ, वळणांवर आणि चढण्या-उतरण्याच्या जागी चाळीस. हे आकडे ज्यांनी ठरवले त्यांनी वळणाचा हिशेब केला आहे. वेग दुप्पट झाला की गाडीला वळणाबाहेर ओढणारा जोर चौपट होतो. चाळीसच्या वळणावर ऐंशीने शिरणाऱ्या पोराच्या गाडीखाली कापलेल्या स्प्रिंगा असतील, तर त्या आपल्याच वस्तीतल्या कुणीतरी कापलेल्या असण्याचा संभव फार आहे.

मग काम करावे कसे? आम्ही मिस्त्री नाही, पण चांगल्या मिस्त्रींच्या ओट्यावर बसून जे पाहिले आणि नंतर पुस्तकांशी ताडून घेतले ते लिहितो.

सुरुवात टायरपासून. चारही टायर एका मापाचे, हवा कंपनीने दरवाज्याच्या चौकटीवर लिहिली आहे तेवढी, आणि ती गाडी थंड असताना भरलेली. "गाडी ओढते" अशा कितीतरी तक्रारी इथेच संपतात. गिऱ्हाईकाकडून फार पैसे मिळत नाहीत म्हणून गॅरेजवाला ही पायरी गाळतो.

नंतर बुश. आर्मांचे बुश, पाट्यांच्या डोळ्यांतले बुश, स्टॅबिलायझरच्या लिंका, शॉकअपची वरची-खालची रबरे. हिंदमात्याला पावसात तुंबलेल्या पाण्यातून चार महिने जाणाऱ्या गाडीची रबरे आणि लोखंड कसे होते ते वेगळे सांगायला नको. बुश गेले असताना महाग शॉकअप घालणे म्हणजे फाटक्या अस्तरावर किनखाब शिवणे. स्टॅबिलायझर हा तर विसरलेलाच भाग. डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी ती एक वाकडी सळई वळणावरचे कलणे कमी करते आणि दोन्ही चाके एकदम खड्ड्यात गेली तर मध्ये पडत नाही. गाडी कलते म्हणून स्प्रिंग कापणाऱ्याने आधी त्या सळईची रबरे बघितली असती तर निम्मे काम तिथेच झाले असते.

त्यानंतर माप. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यावे, एकदा रिकाम्या गाडीचे, एकदा नेहमीच्या वजनाचे. डाव्या-उजव्यात फरक असेल तर स्प्रिंग बसली आहे किंवा मोडली आहे. आम्ही कापड मोजल्याशिवाय फाडत नाही. गाडीचे काम करणाऱ्याच्या खिशात मात्र टेप क्वचितच सापडते.

डुलण्याचेही माप आहे, आणि ते फार सुंदर आहे. स्प्रिंग साधी असेल आणि गाडीच्या वजनाने ती पंचवीस सेंटिमीटर दबली असेल, तर ते टोक सेकंदाला सुमारे एकदा डुलते. अकरा सेंटिमीटर दबली असेल तर दीड वेळा, सहा सेंटिमीटर असेल तर दोनदा. साध्या मोटारीसाठी एक ते दीड हा पल्ला शरीराला मानवतो. दोनच्या पुढे पाठ बोलू लागते. मॉरिस ऑली नावाच्या इंग्रज इंजिनियराने रोल्स-रॉइसमध्ये आणि पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये याचा बारीक अभ्यास केला. त्याचे एक निरीक्षण आपल्या स्पीडब्रेकरच्या शहराला तंतोतंत लागू पडते. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला थोड्या वेळाने. म्हणून मागचे डुलणे पुढच्यापेक्षा किंचित जलद ठेवावे, म्हणजे उशिरा सुरू झालेली मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी पुढे-मागे झुलत नाही. किंचित म्हणजे किंचितच. जादा पाटावाले हे तत्त्व चार पावले पुढे नेतात.

शॉकअप सर्वांत शेवटी निवडावा. बॉनेट दाबून सोडून पाहण्याची जुनी रीत ढोबळ आहे. अगदी मेलेला शॉकअप तीत कळतो, अर्धमेला कळत नाही. अर्धमेला कळतो तो ब्रेक मारल्यावर: चाक रस्त्यावर टिपटिप नाचते आणि गाडी थांबायला जास्त जागा घेते. दबताना किती अडवायचे आणि उसळताना किती, हे दोन वेगळे आकडे असतात. साध्या गाडीत उसळणे अडवण्यावर जोर असतो, कारण खड्ड्याचा धक्का वर चढू द्यायचा आणि स्प्रिंगची ताकद मात्र हळूहळू सोडायची. हॉलंडच्या कोनीसारखे शॉकअप हाताने कमी-जास्त करता येतात. तसे असतील तर एका वेळी एकच बदल करावा, त्याच रस्त्यावर, त्याच वजनात गाडी चालवून पाहावी, आणि वहीत लिहावे. लोटस कंपनीच्या गाड्यांची ख्याती मऊ स्प्रिंग आणि नेमक्या शॉकअपवर उभी राहिली, कडक स्प्रिंगवर नव्हे, हे आमच्या कापू पोरांना कुणी सांगावे.

शॉकअपच्या बाजारात एक किडही आहे. मुंबईत माल कमी नाही. गॅब्रिएलसारखी कंपनी १९६१ पासून या देशात शॉकअप बनवते, आणि ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुट्या भागांची जुनी दुकाने आहेत. पण जुना शॉकअप कापायचा, नवे सील टाकायचे, जाडे तेल भरायचे, वेल्ड मारून काळा रंग द्यायचा, हा उद्योगही जोरात चालतो. जुन्या गाडीसाठी, गिऱ्हाईकाला सांगून, "रिपेअर केलेला" म्हणून विकला तर त्यात आम्हांला काही गैर दिसत नाही. गरिबाची गाडी चालते. पण तोच माल नव्या खोक्यात घालून नव्याच्या भावात देणे ही सरळ चोरी आहे. जाड्या तेलाचा शॉकअप सकाळी घट्ट लागतो आणि दुपारी तेल तापल्यावर मऊ पडतो. गिऱ्हाईकाला फरक कळत नाही असे समजू नये. ते काही बोलत नाही, पुढच्या वेळी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जाते.

आणि खरे दुखणे इथेच आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर बहुतेक वेळा भाग बदलतात, मेळ बसवत नाहीत. मेळ बसवणारे हात आपल्याकडे होते, काही अजून आहेत, पण त्यांचे शागीर्द कुठे आहेत? मुलाला गॅरेजमध्ये घालायला बाप तयार नाही, आणि आलेला मुलगा कटर चालवायला शिकून सहा महिन्यांत स्वतःची टपरी टाकतो. ना. म. जोशी मार्गावर शासकीय आयटीआय आहे, मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये शिकवला जातो. भायखळ्याचे साबू सिद्दीक १९३६ पासून तंत्रशिक्षण देते. दोन्ही जागा आपल्या गॅरेजांपासून हाकेच्या अंतरावर. तरी उस्ताद म्हणतो पुस्तकी पोरगा कामाचा नाही, आणि पुस्तकी पोरगा म्हणतो उस्तादाला चौथा घात माहीत नाही. दोघेही बरोबर आहेत. सकाळी वर्ग आणि दुपारी गॅरेज असे चार-पाच मुलांचे जरी घडवता आले, आणि त्यांच्या विद्यावेतनाचा अर्धा भार आम्हा माल वाहून नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी उचलला, तरी पाच वर्षांत हा धंदा वेगळा दिसेल. यात आम्ही उपकार करणार नाही. आमच्याच गाड्या नीट चालतील.

कामाची संधी कमी होते आहे असेही नाही. विजेवरच्या गाड्या बॅटरीमुळे आपल्या मापाच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड असतात. इंजिनात हात घालण्यासारखे त्यांत थोडे, पण बुश, स्प्रिंगा, शॉकअप आणि टायर त्यांचेही झिजणार, कदाचित लवकर. इंजिनवाल्या मिस्त्रीला ज्या गाडीची भीती वाटते त्याच गाडीत खालच्या कामाच्या मिस्त्रीची रोटी आहे.

मात्र मजुरीची रीत बदलावी लागेल. आज गिऱ्हाईक भागाचे पैसे देते आणि अकलेचे फुकट मागते. तासभर गाडी चालवून, मापे घेऊन "साहेब, तुमचे शॉकअप चांगले आहेत, फक्त दोन बुश बदला" असे सांगणाऱ्या मिस्त्रीला दोन बुशांवरचा नफा मिळतो, आणि विनाकारण चारही शॉकअप बदलणाऱ्याला चार शॉकअपांवरचा. हा हिशेब असाच राहिला तर इमानदार मिस्त्री किती दिवस टिकेल? तपासणीचे पैसे वेगळे लावावेत, पावतीवर वेगळ्या ओळीत लिहावेत, सोबत चारही चाकांची मापे, टायरची हवा, घातलेल्या भागाचा नंबर, आणि माल जुना की नवा हे लिहून द्यावे. पहिले काही महिने गिऱ्हाईक कुरकुर करील. आमच्या पेढीच्या दोन्ही गाड्यांची तपासणी आम्ही यंदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, याच रीतीने करून घेणार आहोत, आणि तपासणीची मजुरी घासाघीस न करता देणार आहोत. हिंदमात्याच्या आणि लालबागच्या ज्या व्यापारी बांधवांच्या व्हॅना मागून उंच आणि पुढून नमलेल्या दिसतात, त्यांनीही तेवढे करावे, आणि तो जादा पाटा काढायचा की ठेवायचा हे रिकाम्या आणि भरल्या, दोन्ही गाड्या मोजून मगच ठरवावे.